शेवळांची मोजणी

‘पूर्वी किती होतं हो, आता काही राहिलं नाही,’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. पूर्वी म्हणजे कधी? मोजलं कुणी? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! माझा हा स्वभाव घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हातारपणी तो निवळेल ही आशाही सगळ्यांनी सोडून दिली आहे. पण ह्याच स्वभावापायी माझ्या हातून एक काम असं झालं की त्याचा मला अजून अभिमान वाटतो. तो मी कशाला लपवू?

जर्मनची लढाई संपून चार-दोन वर्षं झाली होती. आम्ही दहिवलीला राहत होतो. आमचे हे कर्जत स्टेशनात मालधक्क्यावर कारकून आणि मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. पावसाच्या तोंडाशी डोंगरातल्या ठाकर आदिवासींच्या बायका टोपल्यांतून शेवळं घेऊन कर्जतच्या बाजारात यायच्या. शेवळ म्हणजे रानात उघड्या जमिनीतून वर येणारा जांभळट कोंब, कंदाचं फूलच ते. खाली सुरणासारखा कंद असतो. काकडाची आंबट फळं घालून त्याची भाजी करायची, नाहीतर घसा असा खाजतो की जेवणारा उठून जातो. बायका कोंब तेवढा खुडतात, कंद जमिनीतच राहतो. त्या दिवसांत घरातलं जुनं धान्य संपलेलं आणि नवं फार लांब. डोंगरापायथ्याच्या ठाकरांच्या वाडीची चूल तेव्हा शेवळांवरच पेटायची.

जंगल खात्यात नवे रेंजर आले होते. भला माणूस, ह्यांच्या ओळखीचा. एकदा आमच्या ओटीवर चहा घेताना ते म्हणाले, ‘खालापूरच्या अंगाचा तो वाडीवरचा उतार आहे ना, तिथली शेवळं संपत आलीत. ठाकरणी ओरबाडून नेतात. पुढच्या सालापासून उतार बंद करायचं म्हणतोय.’

‘संपत आली हे कशावरून?’ मी आतूनच विचारलं.

‘गेल्या साली जिकडेतिकडे होती. यंदा सकाळभर फिरलो, चार दिसली नाहीत.’

‘गेल्या साली केव्हा गेला होता?’

‘वळीव पडून गेल्यावर.’

‘आणि यंदा?’

‘यंदा कोरडंच होतं अजून.’

‘मग साहेब, दर खेपेला वेगळ्या मापानं तांदूळ मोजायचे आणि माल कमी भरला म्हणून ओरडायचं, त्यातलंच झालं की हे!’

ह्यांनी कपाळाला हात लावला. रेंजर मात्र हसले. म्हणाले, ‘मग तुम्हीच मोजा, बाई. दोन सालं मी कागद पुढे पाठवत नाही. पण कमी भरली तर उतार बंद. तेव्हा माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत.’

दुसऱ्याच रविवारी मी वाडीवर गेले. तिथली एक म्हातारी आमच्याकडे शेवळं घालायची, तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘अन् कमी भरली तर गं बाई?’

‘तर कमी भरली असंच सांगेन.’

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, ‘मंग मी बी येते मोजाया.’

मोजायचं म्हणजे काय, हे ठरवण्यातच माझा बराच वेळ गेला. सगळा डोंगर मोजणं कुणाच्या बापाला जमणार? शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात, पण शीत कुठलं उचलायचं ते कुणी सांगत नाही. वरवरचं घेतलं तर कच्चा, तळाचं घेतलं तर करपलेला. मी उतारावर गेले की माझे पाय आपोआप दाट शेवळांकडे वळायचे, आणि रेंजरांचे नक्की उजाड जागेकडे वळले असते. म्हणून मी घरातल्या सारीपाटाच्या कवड्या घेतल्या. जेवढ्या कवड्या उताण्या पडतील तेवढे कासरे, म्हणजे बैलाच्या दोरीची तेवढी मापं, पुढे जायचं, पुन्हा टाकून तेवढे कासरे वर चढायचं, आणि जिथे पोचू तिथे दोरीनं चौकोन आखायचा. मग तिथे शेवळं असोत, काटे असोत नाहीतर नुसता कातळ असो, तक्रार नाही. आमचे हे म्हणाले, ‘आता डोंगराशी सारीपाट मांडलास का? बघ हो, मला पणाला लावशील!’

दुसरी गोष्ट वेळेची. परसातल्या सुरणावरून मला ठाऊक होतं की कंदाला दर साली फूल येतंच असं नाही. एखाद्या साली तो नुसतं पान काढतो. म्हणून कोंब तर मोजायचेच, पण श्रावणात लावणी उरकली की पानंही मोजायची, कारण कंदागणिक पान एकच. आणि मोजायचं दोघींनी, वेगवेगळं. म्हातारी दर झाडामागे एक चिंचोका ओच्यात टाकायची, मी मनात आकडे धरायची. दोघींचं जुळलं नाही तर चौकोन पुन्हा पहिल्यापासून. एकदा तर भांडलोच आम्ही! ती म्हणे माझी नजर चुकली, मी म्हणे तिचा ओचा फाटका. निघाला खरंच फाटका, पण चूक माझीही होतीच.

गवत वाढल्यावर चौकोन सापडावेत म्हणून कोपऱ्यांना दगड पुरले आणि त्यांना रंग दिला. स्टेशनातला उरलेला तांबडा रंग ह्यांनी डबाभर आणून दिला होता. हिरव्या रानात लांबून लक्कन दिसायचे. मी माझ्यावरच खूश होते.

दुसऱ्या साली वळीव पडला, आम्ही चढलो, आणि काय सांगू! चौकोन कोंबांनी भरलेले. गेल्या सालाहून कितीतरी जास्त. मला तर नाचावंसं वाटलं. आता रेंजरांसमोर हे सगळं मांडते आणि बघते त्यांचं तोंड, असं मनाशी म्हणत मी शेवटच्या चौकोनाशी वाकले, तर तांबड्या दगडावर कुंकू. पुढ्यात तांदळाचे दाणे आणि नारळाची करवंटी.

‘आजी, हे काय गं?’

‘देवाचं हाय. तुमीच नाय का बसवलं देव? शेंदूर लावून?’

‘मग इथली शेवळं खुडता ना तुम्ही?’

म्हातारीनं कानाला हात लावला. ‘देवाच्या जागंतलं कोण खुडल गं बाई? बकरी सुदिक आत जाऊ देत नाय आमी.’

बायका जिथे खुडतात तिथे काय होतं ते मला मोजायचं होतं, आणि मी वर्षभर मोजत होते ती देवाची राखीव जागा! माझे आकडे खरे होते, पण भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत होते.

घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, ‘अगं, उत्तर तुला हवं तेच आलंय ना? वाडीचं भलं होतंय. मग उकरतेस कशाला?’ म्हातारीचं म्हणणंही तेच, ‘देवानं दिलंय तर घ्यावं.’ खरं सांगते, त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. गप्प बसले असते तर कुणाला कळणारही नव्हतं. पण मग रेंजरांचं माप खोटं म्हणायला मला तोंड कुठून उरलं असतं? मला माझाच राग आला, देवांचा आला, त्या तांबड्या रंगाचा तर फारच आला.

सकाळी स्वयंपाक आटोपून मी तडक रेंजरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘बाई, हे तुम्ही नसतं सांगितलं तर मी मानलं असतं हो!’

‘म्हणूनच सांगायला आले. आणखी दोन सालं द्या.’

त्यांनी दिली.

देवांचे चौकोन मी तसेच ठेवले. बसलेला देव उठवणारी मी कोण? पुन्हा कवड्या टाकून तेवढेच नवे चौकोन आखले. ह्या खेपेला दगड नाही, रंग नाही. मोडीतले लोखंडी खिळे जमिनीत पार गाडले आणि ते झाडांपासून किती दोरीवर आहेत ते टिपून ठेवलं. कुठे गाडलेत ते वाडीत कुणाला सांगितलं नाही. म्हातारीनं तर आपणहून सांगितलं, ‘मला बी दावू नका. मोजायच्या दिशी दावा. नायतर माझा हात आखडल.’ बायकांना एवढंच म्हटलं, ‘नेहमी खुडता तसंच खुडा. कमी नाही, जास्त नाही.’

त्यापुढचं साल वाईट गेलं. वळीव पडलाच नाही, पाऊसही रेंगाळला. उतारावर कोंब शोधावे लागले. रेंजर एकदा बाजारात भेटले आणि हळूच म्हणाले, ‘बघा बाई, संपलीच शेवटी.’ वाडीतल्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. म्हातारी तेवढी मोजायला यायची. पण आम्ही देवांचे चौकोन मोजले आणि मला हायसं वाटलं. तिथेही शेवळं तितकीच थोडी! जिथे माणसाचा हात लागत नाही, बकरीचं तोंड पोचत नाही, तिथेही कमीच. मग हा बायकांचा दोष कसा? हे पावसाचं काम. श्रावणात पानं मोजली, तर कंद जिथल्या तिथे होते. त्या साली फुलले नव्हते, एवढंच. मी ज्यांच्यावर इतकी चिडले होते त्याच देवांनी माझी बाजू सावरली होती.

चौथ्या साली वळीव चांगला पडला आणि दोन्हीकडे कोंब भरभरून आले. श्रावणातल्या मोजणीला मी रेंजरांना वर बोलावलं. देवांचा एक चौकोन आणि खिळ्यांचा एक, असे दोन त्यांना स्वतःला मोजायला लावले. चिखलात गुडघे टेकून मोजले बिचाऱ्यांनी. मग मी सगळ्या सालांचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. खुडलेल्या चौकोनांत आणि राखलेल्या चौकोनांत पानं सारखीच चालली होती. सालागणिक चढ-उतार होता, तोही दोन्हीकडे बरोबरीनं.

वाडीतल्या बायका जरा लांब उभ्या होत्या. रेंजरांनी आकडे दोनदा वाचले. ‘उतार उघडा राहील,’ ते म्हणाले. बायकांत एकदम गलका उठला.

तो जरा निवल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, ‘खरं सांगा बाई, कमी भरली असती तर सांगितलं असतंत मला?’

मी तोंड उघडायच्या आत म्हातारी पुढे झाली.

‘सांगितलं असतं तिनं,’ ती म्हणाली. ‘म्हणून तर चार सालं आमी भीत व्हतो.’