सहा मोजणारा हात

व्हर्ना कोस्टेल्निकचा उजवा हात एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पत्रपेट्यांत जात होता. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या डोंगराळ रस्त्यांवर टपाल वाटायचं तर गाडी स्वतःची वापरायची, आणि पेट्या सगळ्या रस्त्याच्या उजव्या कडेला. तिकडे गाडीचं चाक डावीकडे असतं, म्हणून ती शेजारच्या, उजवीकडच्या सीटवर बसायची, डावा पाय लांब करून ब्रेक सांभाळायची, डाव्या हाताने चाक धरायची आणि उजव्या हाताने पेटी उघडून पत्रं आत टाकायची. दिवसाला चारशे बारा पेट्या. निवृत्तीच्या दिवशी खात्याने तिला घड्याळ दिलं. संधिवात त्याच्या आधीच मिळालेला होता.

याच हाताने ती अडतीस वर्षं रिव्हॉल्व्हर चालवत आली होती. कामावर नाही, तिथे बंदी असते. रविवारी सकाळी, गावाबाहेरच्या शिकारी क्लबाच्या रेंजवर, कागदी निशाणावर. रिव्हॉल्व्हर एकच, चार इंची नळीचं, एका मेलेल्या कॉन्स्टेबलच्या बायकोकडून घेतलेलं. लाकडी मुठीवर तिच्या तळव्याचा आकार उमटला आहे.

गेली एकोणीस वर्षं रेंज तिच्या ताब्यात आहे. भरा, चालवा, थांबा, हे तिने म्हटल्याशिवाय कुणी काही करायचं नाही. शेडच्या भिंतीवर चार नियमांची पाटी आहे, तिच्याच अक्षरात. पहिले तीन नियम कुठल्याही रेंजवर सापडतील. चौथा तिचा आहे: टेबलावर ठेवलेलं शस्त्र रिकामं आणि उघडं असलं पाहिजे, नसलं तर त्या माणसाचा मोसम संपला. एप्रिल ते ऑक्टोबर त्याने रेंजवर पाय ठेवायचा नाही. पाटीखाली दोरीला बांधलेली वही आहे. एकोणीस वर्षांत तिच्यात अकरा नावं लिहिली गेली. सातवं नाव बर्नी कोस्टेल्निक. तिचा नवरा.

बर्नीचं म्हणणं असं, की सहावी गोळी फुसकी निघाली यात त्याचा काय दोष? चाप ओढला, टक् असा आवाज झाला, त्याला वाटलं संपल्या, त्याने रिव्हॉल्व्हर ठेवलं. व्हर्नाने ते उघडलं, न उडालेलं काडतूस त्याच्या तळहातावर ठेवलं आणि वही काढली. आठवडाभर घरात बोलणं नव्हतं. बर्नी नंतर रेंजवर फिरकला नाही. क्लबात दर शुक्रवारी मासे तळतात, त्या कढईपाशी तो उभा राहिला, तो आजतागायत.

"बाकीच्यांच्या बायका नवऱ्याला घराबाहेर काढतात," तो लोकांना सांगतो. "माझीने मला मैदानाबाहेर काढलं."

मागच्या ऑक्टोबरात व्हर्नाचं बोट थांबलं. रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो. एकाच ओढीत काडतुसांची चक्री फिरवायची असते, काडतुसावर आपटणारा घोडा मागे न्यायचा असतो आणि सोडायचा असतो. अंगठ्याने घोडा आधी मागे ओढून ठेवला तर चाप हलका होतो, पण अंगठा तर बोटाच्याही आधी गेला होता. त्या रविवारी अठरा गोळ्या झाल्या आणि एकोणिसाव्या वेळी चाप अर्ध्यावर येऊन अडला. पुढे ओढवेना. तिने रिव्हॉल्व्हर उघडलं, काडतुसं काढली आणि उरलेली सकाळ नुसत्या आज्ञा देत काढली.

क्लबाचा नियम आहे की रेंज सांभाळणाऱ्याने दर एप्रिलात परीक्षा द्यायची. तीस गोळ्या, पंचवीस यार्डांवरून. ज्याला स्वतःला मारता येत नाही त्याने दुसऱ्याला शिकवू नये, असा त्यामागचा विचार. तो नियमही व्हर्नानेच मंजूर करून घेतला होता. आता तीस वेळा तो चाप ओढणं तिला जमणार नव्हतं. रेंज ठेवायची तर हलक्या चापाचं पिस्तूल घ्यायला हवं होतं, आणि ते एप्रिलपर्यंत हातवळणी पडायला हवं होतं.

मर्विन ट्राउटमनच्या दुकानात एका भिंतीला गळ आणि अळ्यांचे डबे, दुसऱ्या भिंतीला काचेच्या कपाटात पिस्तुलं. मर्विन क्लबाचा सेक्रेटरीही आहे.

"आलीस शेवटी," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, तुला पुरताना ते रिव्हॉल्व्हर पण सोबत टाकावं लागणार."

"तू माझ्या आधी जाशील. दाखव काय आहे ते."

त्याने एक छोटं, चपटं पिस्तूल काढलं. "हे बघ. हलकं आहे, हातात मावतं. बायका हेच घेतात."

"मी टपालाच्या थैल्या उचलल्यात मर्विन. पर्स नाही."

तरी तिने ते हातात घेतलं. पिस्तुलाच्या वरचा भाग, त्याला स्लाइड म्हणतात, मागे ओढून सोडला की पहिली गोळी नळीत बसते. तिने ओढला. तो अर्धा इंच आला आणि तिच्या बोटांतून निसटला. परत ओढला. परत निसटला. मर्विनने दुसरं दिलं, जरा मोठं. तेही नाही. व्हर्नाच्या वरच्या ओठावर घाम आला.

मर्विनने तोवर थट्टा सोडली होती. "माझंच चुकलं," तो म्हणाला. "लहान पिस्तुलाची स्प्रिंग घट्ट असते. तुला लहान नको, मोठं पाहिजे. आणि ओढू नकोस. डाव्या हाताने स्लाइड घट्ट धरून ठेव आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकल. पत्रपेटीचं झाकण लोटल्यासारखं."

पाचवं पिस्तूल पोलादी होतं, जुनं, जड, एका तुरुंगाच्या पहारेकऱ्याने विकलेलं. कडांवरचा काळा रंग उडालेला. तिने ढकललं. स्लाइड सरळ मागे गेली.

"ते म्हातारं झालंय गं," मर्विन म्हणाला. "नवीन चांगली आहेत."

"मग आमचं जमेल."

पण तिने ते लगेच घेतलं नाही. स्टूल ओढून बसली आणि तासभर प्रश्न विचारत राहिली. रिव्हॉल्व्हर उघडलं की सहा घरं डोळ्यांसमोर येतात. भरलेली किती, रिकामी किती, आंधळ्यालाही बोटाने कळेल. यात कसं कळायचं? मर्विनने मुठीत बसणारी गोळ्यांची डबी, म्हणजे मॅगझिन, काढून काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "आता रिकामं आहे?"

"आहे."

"नाही. एक नळीत बसलेली असू शकते. मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे घेऊन आत बघायचं, मग बोट घालायचं. याच क्रमाने. आणि शेवटची गोळी उडाली की स्लाइड आपोआप मागे अडकून राहते. उघडी दिसली तर संपल्या. बंद दिसली तर अजून आहेत असंच धर."

तिने तो क्रम वीस-पंचवीस वेळा केला. मग म्हणाली, "दे."

रिव्हॉल्व्हर बदल्यात देणार का, हे मर्विनने विचारलंच नाही.

पहिल्याच रविवारी तिला जखम झाली. रिव्हॉल्व्हरवाले बरेच जण डावा अंगठा उजव्या हाताच्या मागून आडवा ठेवतात. रिव्हॉल्व्हरच्या मागे काही हलत नाही, त्यामुळे चालतं. पिस्तुलाची स्लाइड प्रत्येक गोळीला मागे येते. त्या स्लाइडने व्हर्नाच्या अंगठ्याचं कातडं उभं फाडलं. हे असं होतं, हे व्हर्ना कित्येकांना सांगत आली होती.

"टपालवालीला कुत्रा चावला वाटतं," पट्टी बांधताना बर्नी म्हणाला.

"गप्प बस आणि घट्ट बांध."

अंगठा दोन आठवड्यांत शिकला. मोजणी काही बदलली नाही. अडतीस वर्षं तिचा हात सहापर्यंत मोजत आला होता. डोकं मोजत नसायचं, हातच मोजायचा. सहावी गेली की तो आपोआप खाली यायचा. पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये दहा बसतात. सहाव्या गोळीनंतर तिची पकड सैल व्हायची आणि सातवी कागदाच्या बाहेर जायची. तेव्हा तिने एक तोड काढली. मॅगझिनमध्ये सहाच भरायच्या. सहावी उडाली की स्लाइड मागे अडकते, पिस्तूल उघडं, रिकामं, टेबलावर ठेवायचं. थेट रिव्हॉल्व्हरसारखं. उलट सोपं, कारण उघडायचं काम पिस्तूल स्वतःच करतं.

मर्विनने जानेवारीत हे पाहिलं. बर्फ पडत होतं, दोघंच शेडमध्ये होते.

"दहा भर," तो म्हणाला.

"आधी हात बसू दे."

"तो बसेल गं. पण कशावर बसेल? परीक्षेत दहा-दहाच्या तीन फैरी आहेत. सहा-सहाच्या पाच रिव्हॉल्व्हरवाल्यांना. तूच लिहिलंयस."

"मला ठाऊक आहे मी काय लिहिलंय. मार्चमध्ये दहा भरीन."

मार्चमध्ये तिने दोन रविवार दहा भरल्या. बाकी अठरा रविवार सहा.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी परीक्षेला पाच जण होते. वर्षातून या एकाच दिवशी आज्ञा दुसरं कुणी देतं. मर्विन पाठीमागे हातातल्या फळीवर गुणांचा कागद लावून उभा होता. ऊन होतं, वारा नव्हता. "भरा," तो म्हणाला. व्हर्नाने दहा भरल्या, डोक्याने मोजून. "चालवा."

तिची पहिली गोळी काळ्या वर्तुळात गेली. दुसरीही. चाप हलका होता, बोट दुखत नव्हतं, आणि कितीतरी महिन्यांनी तिला हाताची आठवण राहिली नाही. सहाच्या सहा काळ्यात. तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं, नळी निशाणाकडे, आणि नेहमीसारखं अर्धं पाऊल मागे सरकून हात खाली सोडले. शेजारचे अजून मारत होते. हळू आहेत, असं तिच्या मनात आलं.

मग तिने टेबलाकडे पाहिलं. स्लाइड बंद होती.

"उचल," मर्विन तिच्या कानाशी हळूच म्हणाला. "चार राहिल्यात. वेळ आहे अजून. उचल आणि मार."

तिने पिस्तूल उचललं. मॅगझिन काढलं, स्लाइड मागे घेतली, नळीतली गोळी टेबलावर घरंगळली, आत पाहिलं, बोट घातलं. चार काडतुसं ओळीत उभी करून ठेवली आणि शेडकडे निघाली. मर्विनने फैर संपेपर्यंत वाट पाहिली, "थांबा" म्हटलं, सगळी शस्त्रं उघडी असल्याची खात्री केली आणि तिच्या मागे गेला. ती वहीची दोरी सोडवत होती.

"मी कागदावर बघत होतो," तो म्हणाला. "मला काही दिसलेलं नाही."

"उचल, चार राहिल्यात, असं कोण म्हणालं मग?"

"व्हर्ना, नळी कुणाकडे नव्हती. कुणाला काही झालं नाही."

"या वहीत अकरा नावं आहेत. त्यांतल्या कुणाकडून कुणाला काही झालं होतं?"

"सातवी मारताना ती कागदाबाहेर गेली असती तर मला चाललं असतं," तो चिडून म्हणाला. "नापास झाली असतीस, मेमध्ये परत दिली असतीस. पण हे लिहिलंस तर ऑक्टोबरपर्यंत गेलीस. रेंज कोण बघणार? मी? मला दुकान आहे."

"तू चांगला बघतोस. आज बघितलंस की."

"तू सदुसष्ट वर्षांची आहेस. पुढच्या एप्रिलात हात कसा असेल, देव जाणे."

तिचं बोट सातव्या नावावर थांबलं. मर्विनला वाटलं, ती वही खाली ठेवेल. मग ती म्हणाली, "फुसकी निघालेल्या गोळीसाठी मी बर्नीला काढलं. माझ्या तर चारही चांगल्या होत्या." पेन नीट धरता येत नाही, म्हणून तिने ते मुठीत धरलं आणि बारावं नाव लिहिलं.

घरी बर्नीला तिने दारातच सांगितलं. तो बटाटे सोलत होता. पिरोगीचं, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचं, सारण करायचं होतं. त्याने सुरी खाली ठेवली.

"किती राहिल्या होत्या म्हणालीस?"

"चार."

"माझी एकच होती," बर्नी म्हणाला, आणि परत सोलायला लागला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "मर्विनने पाहिलं नसतं तर?"

"मी पाहिलं ना."

आता रविवारी मर्विन रेंजवर आज्ञा देतो, जरा भरभर. व्हर्ना संध्याकाळी स्वयंपाकघरात, रिकाम्या पिस्तुलात नकली काडतुसं भरून बसते. दहाच भरते. एकदा चाप दाबायचा, हाताने स्लाइड ओढायची, दहावं काडतूस बाहेर पडेपर्यंत पिस्तूल खाली आणायचं नाही. मोठ्याने मोजते. बर्नीला टीव्ही ऐकू येत नाही, म्हणून तो आवाज वाढवतो.

आणि शुक्रवारी ती क्लबात जाते. रेंजवर बंदी आहे, स्वयंपाकघरात नाही. पहिल्या शुक्रवारी बर्नीने तिला एप्रन दिला आणि एवढंच म्हणाला, की पीठ जाड लावू नकोस. तिने माशाचे तुकडे पिठात घोळवून तळणीच्या जाळीत सोडले, जाळी तेलात उतरवली आणि हात पुसत अर्धं पाऊल मागे सरकली.

बर्नीने जाळीत डोकावून पाहिलं.

"दहा मावतात गं त्यात," तो म्हणाला.

तिने जाळी वर काढली आणि आणखी चार सोडले.