खिशातला कांदा

मे महिन्यातली दुपार. नांदेडहून लातूरला निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी, खिडकीपाशी, एक तिशीतला माणूस बसला होता. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं आणि ऊन लागू नये म्हणून शर्टाच्या खिशात कांदा. उजवा हात मात्र पँटच्या खिशातून निघतच नव्हता. तिकीटही त्यानं डाव्या हातानं घेतलं. मला तो जरा मिजासखोर वाटला.

"भाऊ, काच लावा की, झळा लई लागून राहिल्या," मी म्हणालो.

डाव्या हातानं काच सरकेना, म्हणून त्यानं उजवा बाहेर काढला. अंगठा सोडला तर एकही बोट पुरतं नव्हतं. भर उन्हाळ्यात माझ्या अंगावर काटा आला.

"बर्फानं खाल्ली," तो म्हणाला. "ट्रक घेऊन लडाखला गेलतो. घाटात अडकलो."

त्यानं काच ओढून लावली.

"तवाबी निघताना मायनं खिशात कांदाच घातला. परवासात ऊन लागतंय, एवढंच तिला ठाव. थंडीला खिशात काय घालायचं, हे आमच्या गावात कोनालाच म्हाईत न्हाई."

लोह्याला उतरताना त्यानं शर्टाचा खिसा चाचपला, त्याच हातानं. कांदा जागेवर होता.