पाण्यावरचा पंखा

विश्रामबागेत ज्या घरात मी वरच्या खोलीत भाड्याने राहते, तिथले काका-काकू मे महिन्यात पुण्याला गेले. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. जाताना काकांनी त्यांची माशांची टाकी माझ्यावर सोपवली. मी हो म्हणाले आणि गाडी कोपऱ्यावरून वळताच टाकीसमोर जाऊन बसले. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. कुणी विश्वासाने काही सोपवलं की वाटतं, यांनी माणूस ओळखण्यात चूक तर केली नाही?

काका मूळचे कुंडलचे. घरचे सगळे ऊस लावण्यात आणि हे एकटे नौदलात. निवृत्त होऊन परत आले तेव्हा त्यांनी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची ही काचेची टाकी बसवली. तिच्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आहेत. मादी मोठी, नर बारका. मूलबाळ नसलेल्या काकूंचा सकाळचा पहिला चहा त्यांच्यासमोर होतो. मादीला त्या सूनबाई म्हणतात.

"पानी सव्वीस-सत्तावीस अंशावर ऱ्हायला पायजे," काकांनी बजावलं होतं. "तीसच्या म्होरं गेलं की धडगत न्हाई." उन्हाळ्यात ते टाकीवरची काच काढून ठेवतात, मासे उडी मारून बाहेर पडू नयेत म्हणून जाळी टाकतात आणि टेबलफॅनचं तोंड पाण्याकडे करतात. वाऱ्याने जेवढं पाणी कमी होईल, तेवढं फिल्टरचं साधं पाणी रोज खुणेपर्यंत भरायचं. "साधंच घाल. पानी उडतं, मीठ खालीच ऱ्हातं. मिठाचं घातलंस तर लोणचं हुईल दोघांचं."

मी परीक्षेचा अभ्यास खालीच, टाकीशेजारी करू लागले. अभ्यास कसला, एक परिच्छेद वाचायचा आणि उठून थर्मामीटर बघायचा. पारा ठीक असायचा, पण पाणी बघवत नव्हतं. सकाळी खुणेपर्यंत भरलेलं पाणी दुसऱ्या सकाळी दोन बोटं खाली गेलेलं असे. मी माणची, दुष्काळी भागातली. आमच्याकडे पाणी उघडं राहत नाही. हौदावर फळी, पिंपावर गोणपाट. मेंढरं पिऊन गेली की त्यांच्या डोणीवरसुद्धा वडील पत्रा ओढतात. अर्धा पेला उरला तर आई त्यावर ताटली ठेवते. आणि इथे मी पिण्याचं पाणी ओतत होते आणि पंखा लावून ते हवेत घालवत होते. ओतताना हात अवघडायचा. पुस्तकात लक्ष लागेना. सारखं वाटायचं, ते पाणी माझ्या पाठीमागे कमी होतंय.

शेवटी मी काच परत टाकीवर ठेवली. कडेला थोडी फट राखली. पंखा चालूच होता. काच गार होईल, मग पाणीही गार राहील, असा माझा हिशोब. त्या संध्याकाळी मला बऱ्याच दिवसांनी शांत वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेपर देऊन आले तर पारा तीसच्या वर होता. दोन्ही मासे पाण्याच्या अगदी वरच्या कडेला येऊन तोंड उघडझाप करत होते. कल्ले भराभर हलत होते. मी चप्पलसुद्धा काढली नव्हती. काकांना फोन लावायचा धीर होईना. ते दवाखान्यात, काकू नुकत्या ऑपरेशनमधून उठलेल्या. मी आईला लावला.

"माशांस्नी फॅन लावलाय?" आई म्हणाली. "आन् तुझ्या खोलीत?"

"माझ्या खोलीतला बिघडलाय."

"बरं हाय की. मासं गारेगार आन् तू घामाघूम."

"आई, ते मरायला लागलेत गं."

आईची थट्टा तिथेच संपली. मग म्हणाली, "मग माझ्याशी काय बोलत बसलीस? ज्याचं हायत त्याला इचार. इचारायला कसली लाज?"

काकांनी पहिल्याच घंटीला उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काच हाय का वर?"

"हो. पाणी लय उडत होतं, म्हणून..."

"माणची हायस खरी!" ते हसले की वैतागले, कळलं नाही. "आगं, पानी उडतंय म्हणूनच गार हुतंय. माठ कशानं गार हुतो? पाझरतो आन् वाऱ्यावर वाळतो म्हणून. माठाला प्लास्टिक गुंडाळशील काय? काढ आधी."

काच उचलली तर खालच्या बाजूने थेंबच थेंब. पुढचं मी ते सांगतील तसं केलं. जाळी अर्ध्यावर टाकली, पंखा वाढवला. फ्रीजरमधली बर्फाची बाटली, झाकण घट्ट लावलेली, पाण्यात सोडली. "एकच सोड. झटक्यानं गार झालं तरी सोसत न्हाई त्यास्नी." मगाने पाणी उचलून वरून सोडत राहायचं, म्हणजे पाण्यात हवा मिसळते.

मागून काकूंचा झोपेतला आवाज आला, "सूनबाई बरी हाय का?"

"बरी हाय, बरी हाय," काका म्हणाले. मग फोनशी तोंड नेऊन हळू, "पोरी, हात थांबवू नकोस."

फोन चालूच ठेवून मी मगाने पाणी उचलत राहिले. खांदा भरून आला. पारा उतरत होता, पण इतका सावकाश की नजर हटवली तरच खाली यायचा. नर आधी तळाकडे गेला. मादी मात्र कोपऱ्यातच एका अंगावर कलंडून राहिली. मला पुण्यातली काकूंची खाट दिसायला लागली, आणि काका खोटं बोलून तिच्याशेजारी बसलेले.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा ती सरळ झाली. मी खाण्याचे दोन दाणे टाकले. एक तिच्या तोंडावरून घसरून गेला. दुसऱ्याच्या मागे ती खाली गेली आणि तिने तो गिळला.

"खाल्लं," मी फोनवर ओरडले, "काका, तिनं खाल्लं!"

काकांचा फोन स्पीकरवर असावा.

"म्हंजे? खात नव्हती का?" काकूंचा आवाज आता चांगलाच जागा होता. "आवं, काय झालं हुतं? मला का न्हाई सांगितलं?"

"तुझं टाकं वलं हायत..."

"टाक्यांचं ऱ्हाऊ द्या. खोटं बोलला तुमी माझ्याशी?"

दोघं तिकडे भांडत राहिले. फोन कुणी ठेवला नाही. मीही तो कानाशी धरून, ओल्या हाताने, पाण्याकडे बघत उभी राहिले.