भटूची पाटी आणि गुरगुरणारा एसी

गॅरेजात आलेली गाडी संध्याकाळी घरी जाते, तिचा किस्सा मात्र माझ्याजवळच राहतो. शहाद्याला माझ्या मुलाचं, भटूचं, एसी दुरुस्तीचं गॅरेज आहे. तिथे टेबल-फॅनसमोर माझी खुर्ची ठरलेली. मला अक्षर येत नाही, पण तीस वर्षं पिठाची गिरणी चालवलीय! डबा कुणाचा, दळण कशाचं, सगळं डोक्यात. हे किस्सेही तिथेच जाऊन बसलेत. मी सांगते, सून लिहिते.

भटूने ट्रेनिंग घेतलं आणि पाटीवर खाली एक ओळ वाढवली, ‘इलेक्ट्रिक गाडीचा एसी दुरुस्त होईल’. गावात दुसऱ्या कुणाच्या पाटीवर ही ओळ नाही. सून म्हणाली, “लिखं शे, आते निभावा!”

*

पहिले आले केळीवाले आप्पा. नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी, तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं.

“भटू, एसी घूं घूं करस रे! मन्ही जुनी डिझेल गाडी बरी व्हती.”

भटूने बॉनेट उघडलं, ऐकलं, बंद केलं. “आप्पा, जुन्या गाडीचा एसी याहून जास्त ओरडायचा. इंजिनाच्या आवाजापुढे तुम्हाला ऐकू येत नव्हता, एवढंच.”

आप्पांना पटेना. मग मी म्हटलं, “आप्पा, सासू गावाला गेली की सुनेचा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो. तसं शे ते!”

आप्पांना लगेच पटलं. मागून सून म्हणाली, “मग तुम्ही कधी जाताय गावाला?”

*

नंदुरबारचे एक मिरची व्यापारी आले. एसी लावला की समोरून खुळखुळ, खुळखुळ, आणि गाडीतले सगळे शिंकून बेजार. “गॅस लीक शे!” म्हणाले.

भटूने ब्लोअर सोडवला. आत उंदराचं घर, आणि घरात वाळलेल्या मिरच्या! पंखा फिरला की बिया उडत होत्या. गाडी रोज पथारीच्या कडेला उभी, म्हणजे वाळत घातलेल्या मिरच्यांच्या शेजारीच. उंदराला अजून काय पाहिजे?

व्यापाऱ्याने एक मिरची उचलली, उन्हात धरली, देठ बघितला, वास घेतला. म्हटलं, आता उंदराला शिवी घालणार. तर म्हणतो कसा,

“ही मन्ही नही. मन्हा माल असा शे का? शेजारवालानी शे!”

*

भटूचा एक नियम आहे. इलेक्ट्रिक गाडीच्या केशरी वायरी म्हणजे जिवाशी खेळ. आधी बॅटरीचा प्लग काढायचा, मग आतला करंट उतरेपर्यंत दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही. त्या दहा मिनिटांत सून चहा करते. ग्राहकांना वाटायचं, आळशी मेकॅनिक. आता धडगावचा जीपवाला दारातूनच ओरडतो, “भाऊ, करंट उतरना का? साखर जास्त टाका!”

*

एका भरदुपारी फोन आला. चार्जिंगला लावलेली गाडी आपोआप गुरगुरते, आवाज वाढतच चाललाय. फोनवर घाबरलेली मावशी.

भटू मला घेऊनच गेला. बघतो तर गाडीवर दोन गोधड्या!

“मावशी, हे काय?”

“कण्हत व्हती बिचारी. एक घाली, तर जास्तच कण्हायला लागनी. मग दुसरी घाली.”

चार्जिंगला लावलं की बॅटरी तापते, तिला थंड करायला एसी आपला आपण चालू होतो. गोधड्यांनी वारा कोंडला, मग तो जोर लावणारच. भटूने दोन्ही ओढून काढल्या. “मावशी, तिले थंडी नही, ताप शे ताप!”

मावशीने लगेच विचारलं, “मग कपाळावर पट्टी ठेवू?”

*

आणि चिंचपाड्याकडच्या सिस्टरबाई! ड्युटीला रोज लांबचा रस्ता. कुणाकडून तरी गॅस भरून घेतला होता, तेव्हापासून एसी हुंबरायचा, जड आवाजात घुमायचा. भटूने पंखा तपासला, कंप्रेसरखालचे रबर बदलले. बाई दोनदा गाडी घेऊन गेल्या, दोनदा परत आल्या.

“भटूभाऊ, शुक्रवारी शेवटचं. नाहीतर गाडी सुरतेला नेते.”

शुक्रवारी सकाळी भटूने पाटीला शिडी लावून ठेवली. “माय, ही गाडी सुरतेला गेली तर खालची ओळ मीच पुसतो. खोटी पाटी नको.” जेवलाही नाही पोरगा.

मी सुनेकडून लाटणं मागितलं. गिरणीत बेअरिंग असंच ऐकायची मी, लाकडाचं एक टोक मशीनला, एक कानाला. भटूने एसी लावला, माझा हात धरून वायरीपासून लांब, कंप्रेसरला लाटणं टेकवून दिलं.

ऐकलं. “बेअरिंग नही रे. बेअरिंग किरकिरतं. हिचं पोट भरलंय. गिरणीत दाणा जास्त सोडला की अशीच हुंबरायची.”

भटूने लाटणं बाजूला ठेवलं. मग बॉनेटखालचा स्टिकर वाचला, किती गॅस पाहिजे तो. प्लग काढला, चहा झाला, दहा मिनिटं झाली, तेव्हा मशीन लावून गॅस काढला, मोजला. स्टिकरपेक्षा कितीतरी जास्त निघाला! मग स्टिकरवर लिहिला तेवढाच परत भरला.

सिस्टरबाई आत बसल्या. काचा वर. एसी चालू. भटू शिडीला धरून उभा. बाई डोळे मिटून ऐकताहेत.

काच खाली आली. “भटूभाऊ, ती शिडी बाजूला घ्या ना. मला गाडी काढायचीय, ड्युटीला जायचंय.”

भटूने शिडी अशी उचलली, जशी काही गवताची! निघता निघता बाई मला म्हणाल्या, “आजी, आमचे हेसुद्धा फार घोरतात हो. एकदा लाटणं लावून बघता का?”

मी म्हटलं, “लाटणं कशाला, माय? आधी त्यांचा स्टिकर वाच, मग ताट वाढ!”