न दिलेल्या सुईवरची सही

आमच्या त्या सीनियर सिस्टरचा मला अजून राग येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

दुष्काळाची वर्षं होती. शहर चितेगावच्या बाजूनं पसरत चाललं होतं आणि नव्या कॉलन्यांना नळ नव्हते. टँकर यायचा तो भर दुपारी. त्यामुळं आमच्या वॉर्डात रीतच पडली होती. जिच्या कॉलनीत टँकर, तिनं ड्यूटी संपायच्या आधी निघायचं आणि कुणाला काय औषध दिलं ते तोंडी सांगून जायचं. मागं राहिलेलीनं ते चार्टवर लिहून सही ठोकायची. मीही अशी बऱ्याचदा गेलेय, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही.

त्या दिवशी सिस्टर पर्स काखोटीला मारून निघाल्या. सहा नंबरच्या आजींना जेवणाआधीचं इन्सुलिन दिलंय, लिहून टाक, म्हणाल्या. मी लिहिलं. आजी पिशोरच्या, सोबत कुणी नाही. ताट समोर ठेवलं तेव्हा म्हणाल्या, "बाई, आज मला सुई नाय दिली."

मी चार्ट बघितला, त्यावरची माझीच सही बघितली, आणि आजींनाच झापलं. तुम्ही विसरता, गुमान जेवा म्हटलं. त्या जेवल्या.

संध्याकाळी डबल ड्यूटीला मीच होते. आजींची जीभ कोरडी पडली होती, बोलणं अडखळत होतं. साखर भयंकर वाढलेली. ट्रेमध्ये कापसाखाली भरलेली सिरिंज तशीच सापडली. त्यांना आयसीयूत हलवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर उभं केलं. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मी दिलं असं हिला सांगितलंच नव्हतं. सही कुणाची आहे ते बघा."

निर्लज्ज बाई! तिच्या घरचं पाणी भरलं जावं म्हणून मी सही केली होती. मी जीव तोडून सांगितलं, पण कागदावर मीच होते. मेमो मला मिळाला.

तीन दिवसांनी आजी वॉर्डात परतल्या. जेवणाआधी मी इन्सुलिन घेऊन गेले, आधी त्यांना बाटली दाखवली. त्यांनी हात पदराखाली ओढून घेतला.

"तुमच्या हातानं नको. दुसरीला बोलवा."

ड्यूटीवर दुसरी एकच होती. सिस्टर आल्या, आणि आजींनी निमूटपणे दंड पुढं केला.