यंत्राचा दोष माणसाच्या माथी न मारणारे सुगनभाऊ

सुगनभाऊंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. धरणगावच्या आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन होते. निवेदन माझ्याकडे होते आणि लाउडस्पीकरची व्यवस्था धुळ्याहून आलेल्या, पांढरा सदरा घातलेल्या एका सडपातळ गृहस्थांकडे. सवयीप्रमाणे मी माईकवर बोटांनी टकटक केले. गृहस्थ तडक मंचावर आले आणि सगळ्या पालकांसमोर म्हणाले, "बाई, त्याच्याशी बोला. त्याला मारू नका." चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी मी, माझे डोके फिरले. आवाज येतो की नाही हे बघणे तुमचे काम आहे, माझे नव्हे, असे मी त्यांना ऐकवले. "अगदी बरोबर," भाऊ शांतपणे म्हणाले, "म्हणून तर तुम्ही करू नका." मी निमूटपणे माईकवरून हात काढला. मी माघार घेण्याचे प्रसंग फार थोडे आहेत, म्हणून हा लक्षात राहिला.

भाऊंचे घराणे मूळचे राजस्थानचे. आजोबांनी धुळ्यात कापडाचे दुकान थाटले, वडिलांनी वाढवले, आणि भाऊंनी गल्ल्यावर बसायचे सोडून रेडिओ उघडून बघण्याचा नाद लावून घेतला. पुढे लाउडस्पीकर आले, टेप आले, मग संगणक आला. धुळ्यातल्याच देवपूरमधल्या घराच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या लावून त्यांनी रेकॉर्डिंगची सोय केली. शिरपूरकडची भजनी मंडळे आणि लग्नातली गाणी गाणाऱ्या बाया तिथे येऊन गाऊन गेल्या. भाऊ घरात मारवाडी बोलतात, गिऱ्हाइकाशी अहिराणी बोलतात, आणि यंत्राशी काय बोलतात ते या गौरवग्रंथात छापण्याजोगे नाही.

त्यांच्यात दोष नाहीत असे म्हटले तर ते स्वतःच रागावतील. वेळेचा अंदाज त्यांना जन्मात आलेला नाही. "दहा मिनिटांत होईल," असे भाऊ म्हणाले, की आपण घरी फोन करून जेवून घ्या म्हणून कळवावे. पण यंत्र बिघडले तर "तुम्हीच नीट गायला नाहीत" असे ते कोणालाही म्हणत नाहीत. याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे.

चार उन्हाळ्यांपूर्वी माझ्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावे लागेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. शस्त्रक्रियेसाठी नाशिकला जायला आठ दिवस होते. आमच्याकडे पहिलीत येणारे मूल घरून अहिराणी घेऊन येते आणि पुस्तकातल्या मराठीपुढे बावरते. म्हणून मी गोष्ट आधी अहिराणीत सांगायची आणि हळूच मराठीत आणायची. नोकरीभर सांगितलेल्या त्या अकरा गोष्टी माझ्या आवाजाबरोबर संपू नयेत, एवढीच इच्छा होती. यजमानांना घेऊन मी देवपूरला गेले. भाऊंनी हातातली सगळी कामे बाजूला ठेवली.

पहिलीच गोष्ट अर्ध्यावर आली आणि रेकॉर्डिंगमध्ये टक् टक् सुरू झाली. मध्येच अर्धा शब्द गायब व्हायचा. माझा आवाज तोवर बसलेला, चिरकलेला. मला वाटले, हे माझ्याच घशातून येते आहे. मला रडू आवरेना. "भाऊ, राहू द्या," मी म्हटले, "मला उशीर झाला."

भाऊंनी मला उठवले. माझ्या खुर्चीवर बसून त्यांनी तीच गोष्ट स्वतःच्या आवाजात वाचायला घेतली. थोड्या वेळाने त्यांच्याही वाचनात टक् टक् आली. ते मला ऐकवून म्हणाले, "आयका बाई. हाऊ मना आवाज शे. मना घसाले काय व्हयनं? दोष मशीनना शे, तुमना नही." डॉक्टरांच्या तोंडून ‘कॅन्सर’ हा शब्द ऐकल्यापासून त्या दिवशी प्रथमच मला धीर आला.

मग शोध सुरू झाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बोलून बघायचे आणि वहीत लिहायचे, ही भाऊंची रीत. आधी माईकची वायर बदलली. मग माईक आणि संगणक यांच्यामधली, आवाज पोचवणारी छोटी पेटी दुसऱ्या खाचेत जोडली. वायफाय बंद केले. आलेला आवाज संगणकाने किती वेळ सांभाळून धरायचा, तेही वाढवून पाहिले. प्रत्येक वेळी मला सांगायचे, "बोला काहीही." काहीही म्हणजे काय बोलणार? मी फोनवर असल्यासारखी मुलीला, मीनलला, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीच्या पिठात मीठ किती घालायचे ते सांगायची. टोपी न घालता उन्हात फिरणाऱ्या यजमानांना झापायची. भाऊंच्या दहा मिनिटांची नक्कलही केली. चाचणी बहुतेक वेळा स्वच्छ यायची, आम्हाला हायसे वाटायचे, आणि खरी गोष्ट सुरू केली की पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा टक् टक्. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी भाऊंनी वही पहिल्यापासून वाचली आणि उठून लॅपटॉपला हात लावला. हात चटकन मागे आला. मे महिना, धुळ्याचे ऊन, आणि कूलरची घरघर माईकमध्ये येते म्हणून आम्ही तो बंद करून दार लावून बसलो होतो. तापलेला संगणक आपली चाल कमी करत होता आणि येणारा आवाज त्याला वेळेवर घेता येत नव्हता. काही बदलायचे म्हणून आम्ही दार उघडायचो, कूलर लावायचो, तेवढ्यात तो निवायचा. आणि आम्हाला वाटायचे, बदल लागू पडला. भाऊंनी कपाळावर हात मारला. "आयुष्यभर उन्हात भोंगे बांधले, आणि मला हे कळू नये! बाई, तुमचे तीन दिवस मी घालवले," असे म्हणून त्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले. मला फार ओशाळल्यासारखे झाले.

लॅपटॉप शेजारच्या खोलीत गेला आणि वायर दाराखालून आत आली. "मशीनले कूलर अन् माणसले घाम!" यजमान म्हणाले. खरोखर तसेच होते. भाऊंना बाहेर यंत्रापाशी गारव्यात बसता आले असते, पण ते माझ्यासमोर त्या बंद खोलीत पंच्याने घाम टिपत बसून राहिले. गोष्ट ऐकायला समोर कोणीतरी हवे, असे त्यांचे म्हणणे. पहिलीच्या पोरासारखे ते अकरा गोष्टींना हसले. नाशिकला निघायच्या आदल्या दिवशी अकरावी गोष्ट पूर्ण झाली.

शस्त्रक्रियेनंतर महिन्याभराने भाऊ पेन ड्राइव्ह घेऊन धरणगावला आले. त्यात गोष्टी होत्या. त्या आज आमच्या शाळेत ऐकवल्या जातात. आणखी एक फोल्डर होते. "यात त्या चाचण्या आहेत," भाऊ म्हणाले, "कुठे कुठे टकटक आहे. पुसून टाकायला हवं होतं. पण पुसवेना." आवाज गेल्यापासून मी पाटीवर लिहून बोलते; त्या दिवशी पाटी बाजूला ठेवून मी त्यांना हात जोडले.

गोष्टींमध्ये मी बाई आहे. त्या फोल्डरमध्ये मी आई आहे, बायको आहे, खळखळून हसणारी आहे. मीनल भाकरी थापताना तेच लावते. तिची मुलगी ओवी माझ्या शस्त्रक्रियेनंतर जन्मली. आजीचा आवाज तिला माहीत आहे तो तेवढाच.

पंचाहत्तरी पूर्ण करणाऱ्या सुगनभाऊंना निरामय आयुष्य लाभो, त्यांचे कान असेच तिखट राहोत आणि शंभराव्या वर्षीही त्यांनी कोणाला तरी माईकवरून दटावावे, ही माझी मनापासूनची इच्छा. समारंभात माझ्या वतीने ओवी दोन शब्द बोलणार आहे. काल तिने मला म्हणून दाखवले. आजीसारखे म्हणायचे, म्हणून ती आवाज जाड करते आणि म्हणते, "भाऊ, शंभर वर्षं... टक्... जगा." आजी बोलताना मध्ये टक् येतेच, अशी तिची खात्री आहे. भाऊंना हात जोडून विनंती, तिची ही टकटक तेवढी दुरुस्त करू नये.