घड्याळाच्या इमारतीचे जावई

अख्ख्या अमेरिकेत एखाद्या इमारतीचा जावई म्हणून मिरवलेला माणूस एकच, आणि ते म्हणजे नोव्हाय नावाच्या उपनगरात आमच्या शेजारी राहणारे काका. आम्हा बाकीच्यांच्या सासुरवाड्या सांगलीला, नागपूरला, फार तर गोरेगावात असायच्या. काकांची सासुरवाडी पाऊण तासाच्या ड्राइव्हवर, शहरात डाउनटाउनला होती. दगडी कमानींची, वर घड्याळाचा मनोरा असलेली जुनी सरकारी इमारत. भारतातून कुणी पाहुणा आला, की त्याचा जेट लॅग उतरायच्या आत काका त्याला तिथे नेऊन उभं करायचे आणि म्हणायचे, "ही आमच्या हिची माहेरची मंडळी." पाहुणा बिचारा मंडळी शोधत राहायचा.

हे नातं जुळलं एका पार्किंगच्या तिकिटामुळे. काका मोटारींच्या ब्रेकचे इंजिनियर, आणि तत्त्वाला भलतेच पक्के. गाडी चुकीच्या जागी लावली हे त्यांना मान्य होतं. फक्त तसं सांगणारी पाटीच चुकीच्या जागी लावली आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. ते त्या इमारतीतल्या कोर्टात जजला समजावून सांगायला निघाले तेव्हा काकूंना नववा महिना लागलेला. घरी एकटं ठेवायला नको, म्हणून त्यांनाही बरोबर घेतलं. इमारतीतली पिंजऱ्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि काकूंना कळा सुरू झाल्या. लिफ्ट चालवणाऱ्या थोराड बाईंनी आपला युनिफॉर्मचा कोट खाली अंथरला, काकांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि लिफ्ट दुरुस्त व्हायच्या आत मुलगी झालीसुद्धा. काका तोवर लिफ्टमध्ये किती माणसांनी चढावं याची पाटी मोठमोठ्यानं वाचत होते. "वर जाताना होतो त्यापेक्षा खाली येताना एक माणूस जास्त होतं, पण नियमात बसत होतं," असं ते आवर्जून सांगायचे. ती मुलगी, मिनी, पुढे मोठी झाल्यावर ही गोष्ट निघाली की कानांवर हात ठेवायची. "डॅड, प्लीज, नॉट द एलिव्हेटर स्टोरी अगेन!"

पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तेव्हा जिथे ते झालं ते माहेर, असा काकांचा सरळ हिशेब होता. आणि माहेर म्हटलं की जावई आला, जावई म्हटला की मानपान आला. दर दिवाळीला काका निळा सूट चढवून, टाय लावून, काकूंना आणि मिनीला घेऊन तिथे जायचे आणि खालच्या हॉलमध्ये जरा मान ताठ ठेवून उभे राहायचे. एकदा नवा गार्ड आला होता. त्यानं हटकलं, "कॅन आय हेल्प यू, सर?"

"आय अ‍ॅम द सन-इन-लॉ," काका म्हणाले.

"ऑफ हूम, सर?"

"ऑफ द बिल्डिंग."

गार्डनं वॉकीटॉकी काढला, पण त्यावर नेमकं काय सांगावं हे त्याला सुचेना.

अधिक महिन्यात जावयाला अनारसे मिळायला हवेत. ते काकूंनीच घरी करायचे, काकांनी डबा तिथे नेऊन खिडकीच्या दगडी कट्ट्यावर क्षणभर ठेवायचा आणि सासुरवाडीहून मिळाले म्हणून परत आणून आम्हाला वाटायचे. आम्हीही ते त्या इमारतीचं कौतुक करत खायचो. एकदा पुढच्या पायऱ्यांची दुरुस्ती निघाली म्हणून त्यांना मागच्या दारानं आत घेतलं, तर काका वर्षभर तिकडे फिरकले नाहीत. "जावयाला मागच्या दारानं नेतात का कुठे?" त्यांची कायमची तक्रार मात्र वेगळीच होती. "एवढी वर्षं जातोय, पण 'बसा जावईबापू' म्हणून कधी कुणी म्हटलं नाही."

काकूही काही कमी नव्हत्या. भांडण झालं की त्या पिशवी भरून रुसून माहेरी जायच्या. ड्रायव्हिंग त्या शिकल्याच मुळी त्यासाठी. हॉलमधल्या लांबलचक ओकच्या बाकावर, शेजारी पिशवी ठेवून, त्या स्वेटर विणत बसायच्या. इमारत बंद व्हायच्या सुमारास काका न्यायला यायचे, तेही सूट घालूनच. लिफ्टवाल्या बाई रिटायर होईपर्यंत हे सगळं त्यांच्या देखत चालायचं. त्या काकांना आधी दारातच अडवायच्या आणि विचारायच्या, "व्हॉट डिड यू डू धिस टाइम?" काका खाली मान घालून सगळं कबूल करायचे, मगच काकू उठायच्या.

हे सगळं तुम्ही चालवून कसं घेता, असं मी एकदा काकूंना विचारलं. त्या पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "अरे, आई माझी लहानपणीच गेली. मामांनी लग्न लावून दिलं आणि हात झटकले. मिनीच्या वेळेला इथल्या बायका माहेरच्या गोष्टी काढायच्या, की मी बाथरूममध्ये जाऊन रडायची. हॉस्पिटलमध्ये हे म्हणाले, तुझं माहेर फारच मोठं निघालं गं, वर घड्याळसुद्धा आहे. तेव्हा जी हसले ना मी! लग्नानंतर पहिल्यांदाच इतकी हसले असेन." त्यानंतर काकांना वेडं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

आणि मग शहरानं ती इमारत पाडायचं ठरवलं. तिच्या जागी काय होणार होतं, तर पार्किंग. जे नातं पार्किंगनं जुळवलं ते पार्किंगच तोडायला निघालं. जाहीर सुनावणीला काका गेले, मी गाडी चालवायला बरोबर. कुणी कमानींवर बोललं, कुणी मनोऱ्यावर. काकांची पाळी आली तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, इमारतीशी तुमचा संबंध काय? काकांनी टाय सारखा केला. "सर, इन अवर कल्चर, व्हेन द वाइफ गेट्स अँग्री, शी मस्ट हॅव सम प्लेस टू गो. यू आर टेकिंग अवे दॅट प्लेस." मग मागच्या रांगेतल्या दोन-तीन म्हाताऱ्या बायकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, "थँक यू, सर. युवर टाइम इज अप."

इमारत पडायला लागली. काकू बघायला गेल्या नाहीत.

त्या हिवाळ्यात काका एका संध्याकाळी आमच्याकडे आले. चेहरा उतरलेला. थर्मोस्टॅट किती ठेवायचा यावरून भांडण झालं होतं.

"मग? काकू कुठे आहेत?" मी विचारलं.

"घरातच आहे रे. पिशवी भरली, दारापर्यंत गेली, किल्ली हातात घेतली आणि थांबली. मग पिशवी खाली ठेवली आणि कुकर लावला." काका सोफ्यावर बसून राहिले. "भांडण जिंकलो मी. पहिल्यांदा. जेवण जाईना यार."

दुसऱ्याच दिवशी ते मला घेऊन, पाडलेल्या इमारतीचं सामान विकणाऱ्या गोदामात गेले. दारं, नळ, कठडे यांच्या ढिगाऱ्यात तो ओकचा बाक सापडला. माझ्या स्टेशनवॅगनमधून तो अर्धा बाहेर लोंबकळत, लाल फडकं बांधून आम्ही आणला आणि त्यांच्या बॅकयार्डात, कुंपणाला लागून ठेवला. मिनी खिडकीतून म्हणाली, "ओ माय गॉड, डॅड, यू ब्रॉट ग्रँडमा होम." काकू बाकावरून एकदा हात फिरवून आत गेल्या.

पुढचं भांडण व्हायला वेळ लागला नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं बॅकयार्ड दिसायचं. गुडघाभर बर्फ पडलेला. जाड कोट, कानटोपी, शेजारी पिशवी, हातात सुया, अशा काकू बाकावर बसल्या होत्या. थोड्या वेळानं काका निघाले. घराचं मागचं दार बाकापासून चार पावलांवर होतं, पण जावई मागच्या दारानं कसा जाणार? ते सूट घालून पुढच्या दारानं बाहेर पडले, बर्फ तुडवत सगळ्या घराला वळसा घालून आले आणि काकूंसमोर खाली मान घालून उभे राहिले. खिडकी बंद होती, त्यामुळे काय कबुली दिली ते मला ऐकू आलं नाही. काकूंनी सुयांवरची ओळ पुरी केली. मग शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली, मोकळ्या झालेल्या जागेवरचा बर्फ हातानं झाडला आणि एकच शब्द म्हणाल्या. तेवढं मात्र मला त्यांच्या ओठांवरून कळलं.

"बसा."